मामा, कॅमेऱ्याला हात करू नका

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (केलाय खुर्चीत बसूनच, कारण उठलं की संगणक ‘जागेवर नाही’ अशी नोंद करतो. भावना मात्र साष्टांग आहे.)

तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण महिन्याभरापूर्वीपर्यंतची मी स्वतः पाहिली आहे. डावा गुडघा अजून कुरकुरतोय, दोराच्या ढिगावरून उठताना खलाशाचा खांदा धरावा लागतो. भूक चांगली आहे. चहात साखर किती चमचे पडते तेही दिसतं, पण मामीला मी अजून काही बोललेले नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही आणि मला अन्न गोड लागत नाही, एवढं सोडलं तर.

मामा, माझं काम नेमकं काय आहे हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही, आणि घोळ तिथेच झाला. आईने तुम्हाला एवढंच सांगितलं की बोटीवर जो कॅमेरा बसवलाय त्याच्या पलीकडे आपली पोर असते. झालं! बाकीच्या बोटींवरच्या तांडेलांनी आपापल्या कॅमेऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या, एकाने तर त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. आणि तुम्ही काय केलंत? जाळं वर आलं की त्यातला सगळ्यात मोठा मासा उचलून मला दाखवायचा आणि मग कठड्याबाहेर लांबच्या लांब हात काढून हलवायचा, असा नेमच धरलात. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. तेव्हा आनंदाने.) पण पलीकडे मी एकटी नसते. माझ्या आधी तिथे एक सॉफ्टवेअर बसलेलं असतं. ऑफिसात त्याला सगळे ‘शहाणा’ म्हणतात. बोटींचं सगळं चित्रण आधी शहाणा बघतो, आणि कोणी मासा समुद्रात परत फेकला असं त्याला वाटलं की तिथे लाल खूण करतो. मी त्या खुणा एकेक करून बघायच्या आणि बरोबर की चूक ते ठरवायचं. कारण नियमच असा आहे, की जाळ्यात आलं ते सगळं बंदरावर आणून मोजून द्यायचं, वाटेत फेकायचं नाही. फेकलं तर परवाना जातो.

आता शहाण्याची अक्कल ऐका. काचेवर पावसाचा थेंब पडला की तो जेलीफिश. कठड्यावर पक्षी बसला की ‘मासा, जात अनिश्चित’. तुमचा स्वयंपाकी भांडी विसळायला खाली वाकला, तर त्याच्या टकलाची नोंद ‘मोठा, गोल, खवले नसलेला’ अशी झाली आणि ती खोडायला मला अर्धी दुपार लागली. तेही चालवून घेतलं. पण तुमचा हात! तुम्ही डाव्या हाताने मासा खोक्यात टाकता (आणि ते खोकं नेमकं कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवलेलं) आणि उजवा हलवता. शहाण्याला दिसतं ते असं: आधी हातात मासा, मग हात कठड्याबाहेर, मग मासा नाही. म्हणजे फेकला. शिवाय जाळं रिकामं आलं तरी तुम्ही हात करताच, त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुम्ही पकडता त्याहून जास्त मासे फेकता. यात काही गडबड आहे असं त्याला एकदाही वाटलेलं नाही.

मी प्रत्येक खुणेला ‘चूक’ म्हणत गेले. निवडायला ‘ठेवला’, ‘फेकला’ आणि ‘दिसत नाही’ एवढे तीनच पर्याय, म्हणून खाली शेऱ्यात ‘हात केला’ असं लिहीत गेले. मला काय माहीत की शहाणा आमच्यावरही नजर ठेवून असतो! एकाच बोटीच्या बाबतीत त्याला सारखं खोटं पाडणारा माणूस संशयित. एके दिवशी लाल खूण माझ्याच नावापुढे. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, “हे गृहस्थ सारखा हात करतात तरी कोणाला?” मी म्हटलं, “मला.” झालं, खरं बोलून पायावर धोंडा पाडून घेतला. नातेवाइकांची बोट तपासायची नाही असा नियम आहे, आणि तो मी नोकरीला लागताना वाचून खाली सही केलेली आहे (सही केलेली आहे, वाचून हे म्हणायला).

आता तुमची बोट शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली आहे. त्यांना आम्ही पाठीमागे ‘फुटपट्टी’ म्हणतो. त्या ताठ बसतात, डबा भिंतीकडे तोंड करून खातात, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला ‘काय, कशा आहात’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. तुमचं तोंड त्या बघतच नाहीत, फक्त कोपर बघतात. हात बाहेर, मासा गायब, ‘फेकला’, पुढे. मला तो कळ दाबल्याचा आवाज शेजारी बसून ऐकावा लागतो आणि तोंड उघडायची सोय नाही. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. परवाना गेला तर बोट बंदरात कुजणार, खलाशी घरी बसणार, आणि मामीला मी तोंड कसं दाखवू? आई म्हणते, सख्ख्या मामाच्या पोटावर पाय देणारी भाची मीच पहिली. तुम्ही कोणाचा एक मासा चोरला नाहीत की फेकला नाहीत. भाचीची विचारपूस केलीत, एवढंच. साहेब म्हणतात, एक फेरी बिनहाताची दाखवली तर शहाणा चुकला असं सुनावणीत म्हणता येईल. तेव्हा पाया पडते, मामा, हात करू नका.

आपली, काही कामाची नसलेली,
भाची

ता.क. पाकीट चिकटवायच्या आतच कळलं की आईने तुम्हाला बंदरावर फोन करून हे आधीच सांगितलंय. सुनावणीसाठी मागवलेली त्या फोननंतरच्या फेरीची डिस्क आज आली. जाळं वर येतंय आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून, दोन्ही हात खिशात घालून उभे. तुमचं बघून सगळे खलाशीही तसेच. शहाण्याने सबंध फेरीवर लाल पट्टा ओढलाय: ‘कॅमेऱ्यापासून काहीतरी लपवत आहेत.’ हा फेकण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. मी आता हात टेकले.

ता.क. २. मला बघायला बंदी असताना मी हे कसं पाहिलं, असं विचाराल. फुटपट्टीबाईंनीच मला हाक मारली. पहिल्यांदाच. पडदा माझ्याकडे वळवला आणि अगदी हळू म्हणाल्या, “हे रोज हात करायचे हो. आता पाठ का फिरवली? माझं काही चुकलं का?”

मी सगळे नियम मोडून त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, जुन्या खुणा पुन्हा बघते, सुनावणीत मीच बोलेन. (ऐकतील की नाही, देव जाणे.) तेव्हा वरचं सगळं पत्र रद्द समजा. खोकं कॅमेऱ्यासमोर आणून ठेवा, मासा दिसेल असा त्यात टाका, आणि मग रिकामा हात करा, चांगला लांबच्या लांब. मला नका करू, मला आता दिसणार नाही. बाईंना करा. त्यांना दुसरं कोणी करत नाही.