पुढच्या डाव्या चाकाचं निदान

२ जून, सोमवार
पुढच्या डाव्या चाकातून घरघर. शुक्रवारी दहाला बायकोचा मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी इंटरव्ह्यू. अठरा वर्षं वाट बघतेय बिचारी. टॅक्सीने जाते म्हणाली. म्हटलं, घरात गाडी असताना? मी आहे ना!
गॅरेजवाल्याने चाक हलवून एका मिनिटात सांगितलं, बेअरिंग गेलंय, गाडी ठेवून जा. एका मिनिटात! याला काय निदान म्हणतात? गाडी घेऊन आलो. घरी सांगितलं, गॅरेजवाला म्हणाला गाडी ठणठणीत आहे.

३ जून, सकाळी ७
टायरमध्ये खडे अडकलेत. शंकाच नाही. स्क्रूड्रायव्हरने अकरा काढले. कंबर धरली. घरघर आहेच, पण आता जरा स्वच्छ येते.

४ जून
मेहुण्याला चाकाकडे कान करून गाडीबरोबर पळायला लावलं. दोन फेऱ्यांत फुटपाथवर बसला. म्हणे स्वतःच्या धापेशिवाय काही ऐकू आलं नाही. पोराला स्टॅमिनाच नाही. (वय सेहेचाळीस.)

५ जून
सापडलं! उजवीकडे वळताना घरघर वाढते, डावीकडे वळताना गप्प. म्हणजे चाकाला काही झालेलं नाही, उजवीकडे वळणंच चुकतंय. शाळेचा नवा रस्ता आखला. सगळी वळणं डावी. वीस मिनिटांच्या जागी पन्नास, पण काम पक्कं. गॅरेजवाल्याला हे सुचलं असतं का?

६ जून, शुक्रवार
८.४५ ला निघालो. त्याच मेडिकलसमोरून तिसऱ्यांदा गेल्यावर हिने विचारलं, आपण चुकलोय का. म्हटलं, ट्रॅफिक चुकवतोय.
९.२० ला घरघर पूर्ण बंद. हिला अभिमानाने सांगणार, तेवढ्यात चाकही बंद. जाम! मागे हॉर्नचा गोंगाट. ही फाईल छातीशी धरून टॅक्सी शोधत पळाली. मी बॉनेट उघडून बघत होतो. का, ते माहीत नाही.

७ जून
हिला टॅक्सी मिळेपर्यंतच दहा वाजून गेले. पंचवीस मिनिटं उशीर झाला. हिला आत घेतलंच नाही. जागा हिनेच शिकवून तयार केलेल्या बाईंना मिळाली.
गाडी आणायला दोघं गेलो. गॅरेजवाला हिच्यासमोरच म्हणाला, साहेबांना सोमवारीच सांगितलं होतं, बेअरिंग गेलंय म्हणून. हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
चावी त्याने हिच्या हातात दिली. गाडी हीच चालवत आली. चाकाचा आवाज अजिबात नाही. सॉरी म्हणालो. ही म्हणाली, बेल्ट लाव.