चोळीबांगडीच्या माळावरची द्राक्षे

चैत्र व. ६, शके १८५३
वर्तमानपत्रास बातमी हवी म्हणून अक्कलकोट वाटेवर जुन्या ओळखीच्या बापूच्या मळ्यात. नाशकाहून आणलेले द्राक्षवेल सगळे पिवळे. जमीन मात्र गावात नाव घ्यावे अशी, काळी, चिकण. उन्हाने भेगाळलेली. एका भेगेत काठी घातली, मुठीपर्यंत गेली. वाकून पाहिले: आत मुळे ताणून तुटलेली, जुन्या जानव्यासारखी लोंबत होती.
बापू : "पानी दिलं तर भेगंतनं खाली जातंय. काळी आई म्हनत्यात की हिला, शास्त्रीबुवा."
एकही वचन आठवेना. मला!

चैत्र व. ७
बापूची थोरली बहीण गंगाक्का, विधवा. बापाने मरताना चोळीबांगडीला म्हणून तिला वरचा माळ दिला. नुसता मुरूम नि चुनखडी. बापूच्या द्राक्षांच्या उरलेल्या काड्या तिने तिथे खोचल्या होत्या. ऊन तेच, विहीर तीच. आज पाहतो तो वेल हिरवेगार, घड मधासारखे. एक मणी खाल्ला. लगेच दुसरा तोडला.
"अक्का, हे कसं केलंत?"
"मला काय ठावं? ज्वारी येत न्हवती, म्हून लावल्या. भेग तेवढी पडत न्हाय हितं."
बापूनेही एक खाल्ला. बीसुद्धा थुंकला नाही.

श्रावण व. ३
चार दिवस झड. बापूच्या काळीत घोटाभर पाणी, उरलेले वेलही कुजले. माळावरून पाणी केव्हाच वाहून गेले. माझा जोडा कोरडा. बापू अक्काच्या बांधावरून फेऱ्या घालत होता. म्हटले, "देवळाला घालतोस तशा घालतो आहेस, नवस काय?"
हसला नाही. हा माणूस माझ्या थट्टेला हसला नाही असे पूर्वी कधी झाले नव्हते.

कार्तिक शु. २, भाऊबीज
बापूने आग्रहाने सोबत अक्काकडे नेले. का, ते आता कळले. अक्काने ओवाळले. तबकात काही न घालता हा म्हणतो, "अक्का, औंदा वोवाळनी म्हून माझी काळी घे. माळ मला दे. तुझ्याच भल्याचं हाय."
तबक हवेत थांबले. मी लाडू तोंडाशी नेलेला, तो तिथेच.
अक्का : "आबांनी माळ दिला तवा तूच म्हनलास, बाईमानसाला तेवढं लई झालं."
अक्काने तबक खाली ठेवले.
"आन् वोवाळनी भैनीनं मागायची असती, बापू. मागू?"
बापू 'माग' म्हणेना; म्हटले की ती मागेल ते द्यावे लागणार. ओवाळणी न घालता पाटावरून उठताही येईना. निरांजनातले तूप संपत आलेले. मी बाहेर आलो, तोवर दोघेही तशीच.
लाडू हातातच राहिला होता. घरी येऊन कोनाड्यात ठेवला आहे.