लग्नाला किती वर्षं झाली

प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. विमानात तुझ्या जावयांनी हट्टाने खिडकी घेतली आणि उतरेपर्यंत घोरले. बाबांचा गुडघा कसा आहे?

पुढे सरहद्द रेल्वेने ओलांडली. तिथे जरा घोळ झाला, पण निस्तरला. मी तोंड धुवायला गेले होते, तेवढ्यात तपासणी अधिकाऱ्याने ह्यांना विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? हे म्हणाले, सहा. मी परत आल्यावर त्याने मलाही तेच विचारलं. मी म्हणाले, पाच. त्याने आमचे पासपोर्ट मिटून हातात धरले आणि लग्नाचा दाखला मागितला.

तू लावून दिलेली फाइल उघडली, तर सगळ्यात वर आमच्या रजिस्टर लग्नाचा दाखला. तुम्ही थाटात लग्न लावून दिलंत, त्याच्या वर्षभर आधीचा. बाबा नाही म्हणतील या धास्तीने आम्ही तेव्हा गुपचूप उरकलं होतं. तो कागद माळ्यावर माझ्या शाळेच्या वह्यांत दडवलेला आहे, असंच मी समजत होते. आता तो प्लॅस्टिकच्या पाकिटात होता, आणि पाकिटावर तुझं अक्षर: 'मूळ प्रत. हरवू नका.'

"नवरे विसरतात, इथे बायकोच विसरली," म्हणत अधिकाऱ्याने शिक्के मारले.

खोलीत उजेड भरपूर आहे. नळाला पाणी मात्र बेताचंच.

आई, इतकी वर्षं मी लपवत होते आणि तू मला लपवू देत होतीस. बाबांना कितपत ठाऊक आहे, तेवढं कळव.

तुझी धाकटी