निळ्या ठिपक्याच्या कॅसेटी

५ जुलै १९९९
माझी षट्कोनी पेन्सिल शिक्षकखोलीतून नाहीशी झाली. इतिहास या घटनेची नोंद घेणार नाही, म्हणून मी घेतो. टेपरेकॉर्डरने कॅसेट चावली की फीत परत गुंडाळायला तीच लागते. गोल पेन्सिल भोकात नुसती गरगरते. संशय पाटणकरवर. गणिताचा माणूस, शाळेतला माझा एकमेव मित्र आणि माझ्या स्कूटरवरचा कायमचा मागचा स्वार. विचारलं तर म्हणाला, "लेका, एका पेन्सिलीसाठी एवढा शोक? श्राद्ध कधी घालणार?"

संध्याकाळी नववीचा नवा संस्कृत धडा भरला. नेहमीसारखा तीन प्रकारे. हिरवा ठिपका : भरभर, अन्वयासकट. पिवळा : गोष्टीसारखा, आपल्या बोलीत. निळा : सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर मोकळी जागा, म्हणजे घरी बसून मागून म्हणता येतं. कोणता रंग कोणासाठी, हे मुलांना सांगितलेलं नाही. उगीच कोणाला लाज नको. शेवटी कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक पट्टी मोडली, म्हणजे चुकून काही पुसलं जायला नको. सौ.च्या कुकरच्या दोन शिट्ट्या याही वेळी आत शिरल्या.

१३ जुलै
सुजाता कांबळे. निळा ठिपका. वर्गात तोंड उघडत नाही. पुस्तकातून डोक्यात शिरत नाही, पण कानावर पडलं की पक्कं. आज आपणहून टेबलापाशी आली.
"सर, मधली जागा जरा लांब ठेवा की. मी म्हणेस्तोवर तुम्ही फुडं जाताय."
ठेवतो म्हटलं. जाता जाता, "काकूंचा भात दोन शिट्ट्यांत हुतोय व्हय? आमच्यात तीन लागतात."
धीट झाली! वडील पोस्टात, मूळचे मुरगूडचे. पोरीने दहावीला पूर्ण संस्कृत घ्यावं ही त्यांची फार हौस, मागे भेटले तेव्हा म्हणाले, "आमच्या घरात ही भाषा पहिल्यांदाच येतीय, सर. तिच्यासाठी टेप घेतलाय, माईकवाला."
जागा लांबवून धडा पुन्हा भरला. घसा बसला. सौ. म्हणते, आवाज सुधारला.

२२ जुलै
शाळेत संगणक आला. खोलीला पडदे, चपला बाहेर, आत बोलायचं नाही. गाभाराच. पुजारी पाटणकर.
सुटल्यावर राजारामपुरीत चहाच्या गाडीवर त्याने विचारलं, तीन रंग कशाला रे? सांगितलं. मित्राला नाही सांगायचं तर... "सावकाश लागतं ती पोरं निळ्यात. पण कोणाला बोलू नको."
"मी कशाला बोलतोय?" कप कपाळाला लावून शपथ घेतली. चहाचे पैसेही त्यानेच दिले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

११ ऑगस्ट
प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक माईकवर : "संस्कृतच्या सरांनी शास्त्रशुद्ध वर्गवारी केलेलीच आहे. ती आपण संगणकात घातली. नववीतले निळ्या ठिपक्याचे विद्यार्थी उद्यापासून क तुकडीत बसतील."
क तुकडीला संस्कृत नाही. नुसतं हिंदी.
रांगेतली पोरं दप्तरं उघडून आपापली कॅसेट बघायला लागली. सुजाताने बघितली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

तडक गाभाऱ्यात गेलो. चपला काढायच्या राहिल्या, पाटणकर आधी त्यावरून ओरडला.
"तुला सांगितलं होतं, कोणाला बोलू नको."
"बोललो कुठं? टाईप केलं." हसला. "अरे, यंत्राला खायला काहीतरी लागतंय की. तुझं आयतं तयार होतं. तुझंच नाव झालं न्हवं?"
एरवी मीही हसलो असतो.

१२ ऑगस्ट
मु.अ.ना भेटलो. ही पोरं कच्ची नाहीत, कानाने शिकणारी आहेत, फक्त वेळ द्या... पुरतं बोलू दिलं नाही.
"सर, बोर्डाचा पेपर कानाने लिहितात का? संस्कृतला एकही नापास नको मला."
वर शिक्षकदिनाला माझा सत्कार. सूचना पाटणकरची.
घरी एकटाच आलो. मागे वजन नसलं की स्कूटर खड्ड्यात फार उडते.

१४ ऑगस्ट
सुजाता आली. कॅसेट टेबलावर ठेवली, पार सुरुवातीपर्यंत गुंडाळून.
"क मध्ये लागत न्हाई, सर."
म्हटलं, मी बोलतोय वर, थांब जरा.
"निळा म्हंजे ढ, हे तुम्हाला पयल्यापास्नं म्हाईत हुतं?"
"ढ नव्हे गं..." पुढचं जुळवेपर्यंत ती दारात.
"बाबांना अजून सांगितलेलं न्हाई," म्हणाली, आणि गेली.
रूपं, धातू, समास, सगळं येतं मला. तिची कॅसेट खणात ठेवली.

१६ ऑगस्ट
तीच कॅसेट पुसून दुसऱ्या धड्याला घ्यावी म्हणून काढली. बघतो तर पाठीवरच्या मोडलेल्या पट्टीच्या भोकावर चिकटपट्टी. भोक असं बुजवलं की पुन्हा भरता येतं, म्हणजे आत कोणीतरी भरलंय. लावली.
माझं वाक्य. बटणाचा खटका. मग मोकळ्या जागेत सुजाताचा आवाज. पुन्हा खटका, पुन्हा मी. पहिल्या बाजूला अडखळत, दुसरीकडे ठणठणीत. मी ठेवलेली लांब जागाही तिला जास्त होते आहे. कुकरच्या शिट्टीपाशी एकदा फिस्स करून हसली आहे. शेवटच्या काही वाक्यांनंतरच्या जागा मात्र तशाच. नुसती खरखर.
सौ. दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "हीच नेऊन ऐकवा की मुख्याध्यापकांना." नेईन. उद्याच.

पाटणकर आज पेन्सिल देऊन गेला, टोक करून. घेतली. त्याच्यावरचा माझा राग कधीतरी जाईल. नाही गेला तरी चालेल. मु.अ. ऐकतात की नाही, तेही उद्या कळेल. धास्ती त्याची नाही. सुजाता परत अ तुकडीत आली, समोर बसली, आणि मी वाक्य म्हणून थांबलो, तर ती माझ्या मागून म्हणेल का?