ताईबाईची कळशी आणि न झालेले सुभेदार

सावरगाव, पाचोऱ्याजवळ
चैत्र वद्य नवमी

ती. सुलक्षणा अक्काला धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे योगराजचा, वाकून नमस्कार (कमरेमुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला तू समजून घे).

तुझी तब्येत बरी असेल. धुळ्याचं ऊन कसं आहे ते विचारत नाही, कारण आमच्याकडचं सांगायला लागलो तर पत्र त्यातच संपेल. गुडघ्यांना तेल लावतेस ना? साठ वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम एवढं जाड पाकीट आलेलं पाहून घाबरू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. फोनही करता आला असता. पण तू तो उचलला असतास आणि मग मला बोलावं लागलं असतं.

त्याचं असं झालं. आपल्या गावाच्या तोंडाशी कमान उभी राहते आहे. कमानीला नाव कुणाचं, यावर ग्रामपंचायतीत दोन महिने भांडणं झाली आणि शेवटी मी बाजी मारली. 'वीर सुभेदार भटू पाटील प्रवेशद्वार.' माझे आजोबा! फेटा बांधलेला त्यांचा फोटो आमच्या ओटीवर आहे, तो तू लहानपणी पाहिला असशील. पहिल्या महायुद्धात त्यांना गुडघ्यात गोळी लागली, ते लंगडत चालायचे, आणि आम्हा पोरांना खाटेभोवती बसवून समुद्राचं असं वर्णन करायचे की मला ऐकूनच मळमळायचं. पेंटरने अक्षरंसुद्धा काढली. आणि ऐन वेळी ग्रामसेवक म्हणतो, कागद आणा. म्हटलं, बाबा रे, गुडघा होता की! तो म्हणतो, गुडघा फायलीला लागत नाही.

आता शंभर वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कुठून? तर अक्का, पलटणींच्या जुन्या वह्या हल्ली संगणकावर चढवल्या आहेत. आपण खाटेवर पाय पसरून मोबाइलवर पानं उलटायची. मी आजोबांना शोधायला गेलो आणि तीन दिवस त्यांच्याकडे पोचलोच नाही. कुणाला हिवताप आला, कुणी बुटांचा एक पाय हरवला (एकच! दुसऱ्याचं त्याने काय केलं हे मला अजून कळलेलं नाही), कुणी सुटीच्या अर्जात तीच आजी दोनदा मारली. इंग्रजी अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं, पण मी तीस वर्षं एस.टी. डेपोत कंडक्टरांचे रिपोर्ट वाचले आहेत, मला कुणाच्या अक्षराची भीती नाही. तुझी भावजय म्हणाली, जेवायला येता की तिकडेच भरती होता?

चौथ्या दिवशी आजोबा सापडले. खेचरांच्या तुकडीत. हुद्दा, खेचर हाकणारा. भरतीनंतर आठव्या महिन्यात डाव्या गुडघ्यावर खेचराची लाथ, नोकरीस अयोग्य, घरी पाठवले. जहाजात चढल्याची नोंदच नाही. म्हणजे ज्या समुद्राने मला मळमळायचं तो आजोबांनी पाहिलासुद्धा नव्हता! मी पान पुन्हा पुन्हा उघडलं, चष्मा पुसला, मोबाइल बंद करून चालू केला. खेचर हलायला तयार नाही. (लाथ मारणाऱ्या खेचराचा नंबरही दिला आहे. आजोबांच्या नंबरापेक्षा तो ठळक आहे.)

आणि त्याच शोधात, अक्का, दुसरं नाव वर आलं. पुना. गाव हेच, वडिलांचं नाव भटूआजोबांच्या सख्ख्या काकांचं. तुझे आजोबा.

आपल्या भाऊबंदकीत पुनाआजोबांबद्दल एकच माहिती होती, ती मी तुला सांगायला नको. आमचे आजोबा लंगडत परत आले तेव्हा लोकांनी विचारलं, पुना कुठे? ते म्हणाले, मला काय ठाऊक, पळाला असेल. तेवढ्यावर गावाने निकाल दिला. पुढे पत्र नाही, माणूस नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, आम्ही एकूण एक पितरांची घागर भरतो, पण पळालेल्याची कोण भरणार? तुझी आजी, आमची सुंदरकाकी, बोलणी खाऊन खाऊन शेवटी कडेवरचं पोर घेऊन धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेली. मरेपर्यंत कुंकू लावायची म्हणून इथे हसत होते लोक.

वहीत लिहिलं आहे, पुना, मराठा पलटण, मेसोपोटेमिया (म्हणजे आताचं इराक), नदीकाठच्या लढाईत ठार. सन १९१७. वय बावीस. तिथल्या युद्धस्मारकाचा फोटोही आहे. वाळवंटात लांबच्या लांब दगडी भिंत, आणि सोबतच्या यादीत त्यांचं नाव. मी बोटाने मोठं करून पाहिलं. मग उठून पाणी प्यायलो.

पण खोड जाते का! पुढचा रकाना वाचला आणि माझे कान टवकारले. वारस, पत्नी ताईबाई. आता सुंदरकाकीचं नाव सुंदरबाई, हे सगळ्या गावाला ठाऊक. मग ही ताईबाई कोण? त्यापुढे शेरा, 'मृत्यूचे पत्र परत. या नावाची बाई गावात नाही.' मला वाटलं, सापडलं! पुनाआजोबांचं दुसरं घर होतं! (खोटं का बोलू, मला थोडा आनंदही झाला. आमच्या खेचराला जरा सोबत मिळाली असती.) मी गावात चौकशी सुरू केली. अडुसष्ट वर्षांचा माणूस दारोदार जाऊन 'इथे कुणी ताईबाई होती का' विचारतो, म्हटल्यावर काय होणार? संध्याकाळपर्यंत बातमी माझ्या आधी घरी पोचली. तुझी भावजय ओट्यावर आखाजीची भांडी चिंचेने घासत होती. तिने हातातली तांब्याची कळशी उलटी केली, माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "हाई देखा, तुमनी ताईबाई आपलाच घरमा शे."

कळशीच्या काठाखाली, काळ्या थराखालून निघालेली अक्षरं. ताईबाई. आणि पुढे तुझ्या आजीच्या माहेरच्या गावाचं नाव.

लग्नात नवऱ्याच्या घरी मुलीचं नाव बदलतात, एवढं साधं! ताईबाईची सुंदरबाई झाली आणि जुनं नाव गावाला कधी लागलंच नाही. चारचौघांत बायकोचं नाव न घेणारा माणूस, भरतीच्या टेबलासमोर साहेबाने विचारल्यावर तिचं माहेरचं नाव सांगून बसला. एकटे असताना तो तिला त्याच नावाने हाक मारत असणार. ते पत्र तिच्या दारावरून परत गेलं, अक्का, आणि ती आत चूल फुंकत असेल. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

असो. कमानीवरून भटूआजोबांचं नाव मी पुसून घेतलं आहे आणि 'शहीद पुना पाटील' लिहायला सांगितलं आहे. (पेंटर म्हणतो, 'पाटील' तेवढं तसंच ठेवतो, रंग वाचेल.) भटूआजोबांचा फोटो ओटीवरच आहे, माणूस गोष्टी छान सांगायचा. उद्घाटन आखाजीला. घरातलं वडील माणूस म्हणून तू यावंस अशी पंचायतीची विनंती आहे. मेहुण्यांना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.

तुझा,
योगराज

ता. क. कमानीचं निमित्त आहे. पुनाआजोबांची घागर एकदाही भरली गेली नाही, ती यंदा तू भर. बाईमाणसाने भरावी का, असं गुरुजी म्हणत होते. मी म्हटलं, कळशी बाईची, पाणी नळाचं, तुम्ही फक्त मंत्र म्हणा. आणि जाताना ती कळशी घेऊन जा. सुंदरकाकीची ती इथे 'राहिली' असं आमच्याकडे सांगतात. राहिली नव्हती. ठेवून घेतली होती, आणि इतकी वर्षं तिच्यातूनच आम्ही आमच्या सुभेदारांची घागर भरत आलो.

आणखी एक. 'या नावाची बाई गावात नाही' या शेऱ्याखाली पोलीस पाटलाची सही आहे. ती कुणाची हे तू विचारशीलच. भटूआजोबांच्या वडिलांची. सुंदरकाकीचं माहेरचं नाव त्यांना आठवलं नसेल, असं मी स्वतःला रोज सांगतो.

शेवटचं. तुझ्या बाराव्या वर्षी, आखाजीला धुळ्याहून गावी आली होतीस तेव्हा, तू निंबाच्या झोक्यावर होतीस आणि खालून कुणीतरी 'पळपुट्याची नात' म्हणून ओरडलं. तू उतरलीस ती परत गावात आली नाहीस. तो मी होतो. आठ वर्षांचा होतो, पण आवाज माझाच होता. निंब अजून आहे. दोर नवा आणला आहे आणि दोनदा ओढून पाहिला आहे. तू बस, मी हळू झोका देतो.