माणसांच्या विमानातली भेंडी

श्री गणेश प्रसन्न
मस्कत, ३ एप्रिल २०२०

अहो, साजगावी आपणांस नमस्कार.

आपली नम्रता आणि तिचं बाळ सुखरूप आहेत. रामनवमीचा उपास मी इथेच सोडला. तुम्ही गोळ्या घेता ना? टपालही बंद आहे, म्हणून या पत्राचा फोटो फोनवर पाठवते.

साथीमुळे विमानं बंद, म्हणजे मीच तेवढी अडकले, असं समजत होते. काल जावई म्हणाले, “आई, तुमची भेंडी काय वेगळ्या विमानानं येत होती?” तेव्हा कुठे उमगलं: इतकी वर्षं आपला माल माणसांच्याच विमानात, त्यांच्या पायाखालच्या सामानाच्या कप्प्यातून येत होता. आता इथे बाजारात भेंडी नाही, आणि आपल्या शेतात पडून असेल. फोनवर मात्र तुम्ही “बरं चाललंय” म्हणता.

तोडा थांबवू नका. भेंडी झाडावर निबर झाली की झाड नवी धरायचं सोडतं. शेजारी वाटा, म्हशीला घाला. हद्दी उघडतील त्या दिवशी झाडावर कोवळी भेंडी हवी.

तुमची,
रंजना