बाईंची मुलगी कुठल्या शाळेत?

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक म्हणायचं, पण माझी झोप उडालीय. पहिलीत दोन मुलं कमी पडताहेत. ती मिळाली नाहीत तर आमची सरकारी शाळा बंद, आणि माझी बदली कुठेतरी लांब. घरोघर फिरतेय. काल कोपऱ्यावरच्या शिलाईवालीकडे गेले. तिची जुळी यंदा पहिलीला जातील. तिने मशीन न थांबवता विचारलं, की बाई, तुमची स्वतःची मुलगी कुठल्या शाळेत? मी आले तशीच परत फिरले. आमची छोटी निळ्या बसमधून खाजगी शाळेत जाते, हे सगळी गल्ली रोज बघते. काय करू ते लिही.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, खाणावळवालाच दुसरीकडे जेवायला गेला तर गिऱ्हाईक विचारणारच! मीही काही वेगळा नाही म्हणा. गुडघ्यासाठी सरकारी दवाखाना ओलांडून खाजगीत जातो. तिथल्या डॉक्टरने गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही, तरी गार खोलीत बसून मला बरं वाटलं! तुझी वहिनी म्हणते, पोरीचं नुकसान नको. मी म्हणतो, पहिली-दुसरी तूच घेतेस, तर छोटीला आण तुझ्याच दुसरीत. तू कशी शिकवतेस ते तुला ठाऊक आहे ना?

खुशाली कळव, आळस नको.

तुझा दादा

२८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

छोटीला आणलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. आणि गल्लीत काय उठलं माहितेय? बाईंच्या मुलीला मोठ्या शाळेतून काढून टाकलं! मी कपाळावर हात मारला. एक पोर आलं नाही.

परवा छोटी वर्गात सारखी बडबडत होती. सांगून ऐकेना, तेव्हा इतरांना करते तसंच तिलाही दारात उभं केलं. शिलाईवाली शिवलेले कपडे पोचवायला चालली होती, ती बघतच राहिली. काल सकाळी जुळ्यांचा भांग पाडून हजर! म्हणाली, स्वतःच्या पोरीलाही सोडत नाहीत, म्हणजे इथे शिकवत असणार. शाळा वाचली रे दादा! मुलांसमोरच मला रडू आलं.

आता तूही गुडघा सरकारी डॉक्टरला दाखव. सगळ्यांना जप, मला विसरू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. छोटी विचारतेय, पुढच्या वर्षी मुलं कमी पडली तर परत बडबड करू का?